दोरी कोणाच्या हाती?

संगणकावरील खेळ हा या पृष्ठांचा विषय नव्हे, असे आमच्या काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. देवालये, संतचरित्रे, शिलालेख आणि ग्रामदेवता यांच्याविषयी वाचावयाची सवय असलेल्या वाचकांसमोर डेन्मार्क देशातील एक खेळ मांडताना आम्हांसही थोडा संकोच होतो. परंतु भालकी, हुमनाबाद, आळंद या भागांतील घरांतून आज नातवंडे जे खेळ खेळतात, त्यांत जे काही घडते त्याची आजोबांस गंधवार्ताही नसते. त्यांतील एका खेळाचा विषय तर असा आहे की, तो आजोबांनाच नातवापेक्षा अधिक कळावा.

खेळाचा आणि परमार्थाचा संबंध आपल्याकडे जुना आहे. मोक्षपट हा खेळ परंपरेने ज्ञानेश्वरमहाराजांच्या नावावर सांगितला जातो. त्याचे जे पट आज हाती आहेत ते बरेच अलीकडचे आहेत. कवड्या टाकावयाच्या, सद्गुणाच्या शिडीने चढावयाचे, दुर्गुणाच्या सर्पाने गिळले की घसरावयाचे, आणि शेवटी वरच्या घरात, देवापाशी, पोहोचावयाचे. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि 'सापशिडी' होऊन परत आला. येताना मोक्ष मात्र वाटेतच गळून पडला. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-माडसेन या अभ्यासकाने 2019 मध्ये पश्चिम भारतातील अशा पटांवरच प्रबंध सादर केला. ज्या खेळाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे तोही कोपनहेगनमध्येच तयार झाला, हा निव्वळ योगायोग होय. पण तो नोंदविण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

शिडी चढणे आणि खाली कोसळणे हे सूत्र पडद्यावरील खेळांनीही उचलले. 1981 मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'डाँकी काँग' काढला. त्यात एक माणूस शिड्या चढत, अंगावर येणारी पिपे चुकवीत वर जातो. 1989 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त जॉर्डन मेकनर याने तळघरातील कैद्याची सुटका दाखविली. त्यातील धावणे-उडी मारणे अस्सल वाटावे म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण केले होते. 1991 मध्ये फ्रान्सच्या एरिक शाही याचा 'अनदर वर्ल्ड' आला. त्यातील शास्त्रज्ञ परक्या जगात पिंजऱ्यात कोंडला जातो. पुढे 1997 च्या 'ॲब्ज ऑडिसी'त तर खाटीकखान्यातील एका गुलामाला कळते की, धन्याच्या नव्या पदार्थांत आपल्याच जातभाईंचे मांस घालावयाचे घाटत आहे; त्याला 99 सोबत्यांस सोडवावयाचे असते. चढण्याची वाट तीच राहिली, परंतु वर देवाचे घर उरले नाही. तेथे कारखाना आला, पहारेकरी आला.

2006 मध्ये आर्न्ट येन्सन आणि डिनो पाटी यांनी कोपनहेगनमध्ये 'प्लेडेड' नावाची संस्था काढली. तिचा पहिला खेळ 'लिम्बो' 2010 चा. काळ्या-पांढऱ्या धुक्यात एक मुलगा बहिणीच्या शोधात निघतो, एवढीच त्याची कथा. त्यानंतर सहा वर्षे खपून संस्थेने 'इनसाइड' काढला. तो 29 जून 2016 रोजी प्रसिद्ध झाला. लाल सदऱ्यातील एक मुलगा रानातून डावीकडून उजवीकडे चालतो. विजेऱ्या घेतलेली माणसे आणि शिकारी कुत्री त्याच्या मागावर आहेत. तो चुकला की मरतो, आणि थोड्या मागच्या ठिकाणाहून पुन्हा चालू लागतो. साऱ्या खेळात एक शब्द नाही. हा मुलगा कोण, कोठे निघाला, राज्य कोणाचे, काहीही सांगितलेले नाही. ध्वनिरचनाकार मार्टिन स्टिग अँडरसन याने काही नाद खऱ्या मानवी कवटीतून घुमवून ध्वनिमुद्रित केले. मुलाला ते डोक्याच्या आतूनच ऐकू येत असावेत, असे वाटते. (लहान मुलांच्या हाती हा खेळ देऊ नये. कुत्र्यांनी गाठण्याचे आणि पाण्यात बुडण्याचे प्रसंग मोठ्यांसही अस्वस्थ करतात.)

या खेळातील एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. मुलगा एका नगरीत येतो. तेथे निर्बुद्ध, लोंबत्या मानेची माणसे ओळीने चालली आहेत. सुटावयाचे असेल तर त्याच ओळीत शिरावे लागते. यंत्राचा दिवा अंगावर पडतो. सारे थांबले की थांबावयाचे, चालले की चालावयाचे, उडी मारली की उडी मारावयाची, वळले की वळावयाचे. एक पाऊल चुकले की झडप आलीच. खेळणाऱ्याच्या बोटांस त्या क्षणी आज्ञापालनाची सवय लागते, आणि ती किती लवकर लागते हे पाहून आम्ही चकित झालो.

आमच्या सीमाभागास ही ओळ अपरिचित नाही. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. गश्ती क्रमांक 53 या फर्मानामुळे सभा भरविण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. 1938 च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. म्हणजे जी संस्था जन्मलीच नव्हती तिलाही ओळीबाहेर पाऊल टाकल्याचा दोष लागला! त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांत होते. ओळ मोडणारे एकाच धर्माचे होते असेही नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून 22 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादेत त्यांची हत्या झाली. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानाने शरणागती पत्करली. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्ह्याचीही वाटणी झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बीदर-भालकी-हुमनाबादचा भाग म्हैसूर राज्यात गेला.

या इतिहासात स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र आम्हांस विशेष विचार करावयास लावते. 1903 मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर शिक्षक झाले आणि 1932 मध्ये त्यांनी संन्यास घेतला. संन्यास म्हणजे आपल्या इच्छेची दोरी परमेश्वराच्या हाती देणे. परंतु तोच संन्यासी 1938 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेला, कारण ती दोरी संस्थानिकाच्या हाती द्यावयास तो तयार नव्हता. 1952 मध्ये गुलबर्ग्याच्या मतदारांनी त्यांस लोकसभेवर पाठविले. शरण जाणे आणि वाकविले जाणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. आपल्या देवळांत रोज साष्टांग नमस्कार घालणाऱ्या समाजाने तरी त्यांतील अंतर विसरू नये.

'इनसाइड'चा सारा रोख याच अंतरावर आहे. त्यात छतावरून टोप लोंबत असतात. मुलाने तो डोक्यात घातला की दूरवर पडलेली प्रेतवत् शरीरे उठतात आणि त्याच्या हालचालीप्रमाणे चालू लागतात. एके ठिकाणी तर असे चालविलेले शरीर स्वतःच दुसरा टोप घालते आणि आणखी काही शरीरांस चालविते. कुडाळजवळच्या पिंगुळीची कळसूत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे चित्र चटकन समजेल. तेथील परशुराम गंगावणे यांस 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या खेळात मात्र दोऱ्या दिसतात, दोरी धरणारे हात कोणाचे हे गावास ठाऊक असते, आणि बाहुलीही लाकडाची असते. येथे बाहुल्या माणसांच्या आहेत, आणि दोरी ओढणारा छळ सोसणारा मुलगाच आहे. त्या मुलाची दोरी कोणाच्या हाती, हा प्रश्न खेळणारा स्वतःस विचारू लागला की त्याचा हात क्षणभर थबकतो. कारण उत्तर त्याच्या पंजाखालीच असते.

अंधारातून आणि पाण्यातून एकट्याने पुढे जाण्याचा अनुभव बीदरकरांस नवा नाही. नृसिंह झरणीच्या लेण्यात सुमारे 300 मीटर बोगदा आहे. छातीइतक्या पाण्यातून, डोक्यावर वटवाघळे असताना, भाविक तेथे दर्शनास जात आले आहेत. त्या वाटेच्या टोकाला नरसिंह आहे हे जाणाऱ्यास ठाऊक असते, म्हणून भीती सोसते. 'इनसाइड'मधील मुलगाही अशाच गढूळ पाण्यातून जातो. तेथे लांब केसांची एक आकृती त्याला तळाशी ओढते. टोकाला काय आहे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

आपल्या देशानेही या प्रकारात काही केले आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी' 2020 मध्ये आला. असुरांनी पृथ्वी व्यापली आहे आणि राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावास शोधते आहे. दुर्गेने तिला शस्त्र दिले, लढावयाचे तिनेच. मधली कथा छायाबाहुल्यांनी सांगितली आहे. खेळ म्हणून तो 'इनसाइड'इतका घट्ट नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. परंतु नातवंडांबरोबर बसून पाहावा असा तो निश्चित आहे.

'इनसाइड'च्या अखेरीस मुलगा एका मोठ्या टाकीत शिरतो आणि तेथील अनेक शरीरांच्या गोळ्यात विरून जातो. तो गोळा भिंती फोडीत बाहेर पडतो, डोंगरावरून गडगडत समुद्रकाठी येऊन पडतो, आणि त्यावर ऊन पडते. सुटला, असे वाटते. परंतु बारकाईने पाहणाऱ्यास आठवते की, त्याच इमारतीत या काठाची, या उन्हासकट, एक छोटी प्रतिकृती आधीच मांडून ठेवलेली होती. आणखी एक गुप्त शेवट आहे. ठिकठिकाणी दडविलेले प्रकाशगोल शोधून निकामी करणाऱ्यास एक भुयार उघडते. तेथे मुलगा भिंतीवरील जाड तार उपटतो. दिवे विझतात, आणि मुलगा त्या ओळीतील माणसांसारखाच मान टाकून उभा राहतो. त्यानंतर खेळणाऱ्याने कितीही कळा दाबल्या तरी तो हलत नाही.