टर्बोभरण, लहान मोटारगाडीच्या एंजिनाचे

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून त्याच्या साहाय्याने सिलिंडरात नेहमीपेक्षा अधिक हवा दाबून भरण्याच्या पद्धतीस टर्बोभरण म्हणतात. यासाठी वापरण्यात येणारे साधन टर्बोचार्जर या नावाने ओळखले जाते. एंजिनाचे आकारमान व वजन फारसे न वाढविता त्यापासून अधिक शक्ती मिळविणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय. प्रथम जहाजे व विमाने, नंतर मालमोटारी आणि शेवटी कुटुंबासाठी वापरण्यात येणाऱ्या लहान मोटारगाड्या अशा क्रमाने तिचा प्रसार झाला. या शेवटच्या टप्प्यास सर्वांत अधिक काळ लागला. अधिक शक्ती मिळविणे फारसे अवघड नव्हते. ती शक्ती एंजिनाला वर्षानुवर्षे सहन व्हावी, हे साधणे अवघड होते.

मूलतत्त्व : अंतर्ज्वलन-एंजिनाची शक्ती त्यात किती इंधन घातले जाते यापेक्षा ते जाळण्यास किती हवा उपलब्ध होते यावर अवलंबून असते. एक किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढीच मिळते. ती अधिक मिळावी म्हणून सिलिंडर मोठे करणे, एंजिनाचे दर मिनिटाचे फेरे वाढविणे किंवा हवा दाबून भरणे असे तीन मार्ग आहेत. तिसऱ्या मार्गात संपीडक थेट एंजिनाच्या भुजादंडावरून चालविला, तर एंजिनाची काही शक्ती त्यातच खर्ची पडते. याउलट इंधनातील उष्णतेपैकी सु. एक-तृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर एरवी वायाच जातो. टर्बोचार्जर त्यातील थोडा भाग उपयोगात आणतो. त्याचे टरबाइन व संपीडक एकाच दंडावर बसविलेले असतात. लहान एंजिनांत हा दंड दर मिनिटास दोन लाखांहूनही अधिक फेरे घेतो.

या लाभाबरोबर दोन अडचणी येतात. दाबलेली हवा तापते. तापलेल्या व दाबलेल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीपासून निघालेली ज्योत तेथे पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेतो. यालाच एंजिनात ठोके बसणे म्हणतात. असे ठोके सतत बसत राहिल्यास दट्ट्याचे माथे व कड्यांच्या खाचा फुटतात. दुसरी अडचण अशी की, एंजिन मंद गतीने चालत असताना निष्कास वायूंचा झोत क्षीण असतो. त्यामुळे चालकाने प्रवेगक दाबल्यावर शक्ती वाढण्यास विलंब लागतो. टर्बोभरणाचा पुढील इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन अडचणींवर केलेल्या उपायांचा इतिहास होय.

प्रारंभ : स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व मिळविण्यासाठी अर्ज केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात उंचावरील विरळ हवेत विमानांच्या एंजिनांची शक्ती घटते, ही अडचण तीव्रतेने जाणवली. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी एंजिनाला टर्बोचार्जर जोडून चाचण्या घेतल्या आणि एवढ्या उंचीवरही शक्ती टिकविता येते, हे दाखवून दिले. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील दोन प्रवासी जहाजांवरील डीझेल एंजिनांची शक्ती ब्यूखी यांच्या पद्धतीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. डीझेल एंजिनात केवळ हवेचेच संपीडन होत असल्याने पेट्रोल एंजिनासारखा ठोक्यांचा धोका त्यात नसतो. म्हणूनच ही पद्धत तेथे लवकर रुजली.

मोटारगाड्यांतील पहिले प्रयोग : पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाड्यांत टर्बोचार्जर १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या एका प्रकारात सु. २·४ लि. एंजिनापासून १५० अश्वशक्ती मिळे. ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीच्या ३·५ लि. एंजिनापासून २१५ अश्वशक्ती मिळे. दुसऱ्या गाडीत संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके ठेवल्याने ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथिल अल्कोहॉल यांचे मिश्रण सिलिंडराकडे जाणाऱ्या वायूंत फवारण्याची योजना होती. त्यासाठी मालकाने एक स्वतंत्र टाकी वेळोवेळी भरावी लागे. सामान्य ग्राहकाकडून असा सांभाळ होणे कठीण असल्याचे अनुभवास आले व हे मॉडेल १९६३ नंतर बंद पडले. जर्मनीतील बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) या गाडीत १,९९० घ. सेंमी. एंजिनापासून १७० अश्वशक्ती मिळे. परंतु ठोके टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर ६·९ पर्यंत खाली आणावे लागले होते. परिणामी मंद गतीत एंजिन निस्तेज वाटे आणि एका ठराविक गतीनंतर शक्ती एकदम उसळून येई. त्याच वर्षी उद्भवलेल्या तेलसंकटामुळे अशा गाडीस अनुकूल वातावरणही उरले नाही. ती १,७०० हूनही कमी संख्येने तयार झाली.

साब व नियंत्रणाचे तत्त्व : टर्बोभरण नित्याच्या वापरास योग्य करण्यात स्वीडनमधील साब कंपनीचा वाटा मोठा आहे. अधिक सिलिंडरांचे नवे एंजिन विकसित करण्याचा खर्च या लहान कंपनीस परवडण्यासारखा नव्हता. म्हणून पेर यिलब्रांड व त्यांचे सहकारी यांनी हाती असलेल्या १,९८५ घ. सेंमी. एंजिनाकडेच लक्ष वळविले. त्यांनी कमाल शक्तीचा हव्यास धरला नाही. लहान व हलका टर्बोचार्जर निवडून त्यांनी मध्यम गतीतच भुजादंड फिरविणारा जोर वाढविला. दाब मर्यादेपलीकडे जाऊ लागताच निष्कास वायूंचा काही भाग टरबाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी उपमार्ग-झडप त्यांनी बसविली. १९७७ मध्ये फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनात मांडण्यात आलेल्या साब ९९ टर्बो या गाडीची शक्ती १४५ अश्वशक्ती होती.

याहून महत्त्वाची सुधारणा १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाली. एंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेला संवेदक ठोक्यांची कंपने ओळखतो आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रक उपमार्ग-झडप उघडून दाब तत्काळ कमी करतो, अशी ही योजना होती. यामुळे संपीडन गुणोत्तर ७·२ वरून ८·५ पर्यंत वाढविणे शक्य झाले व निरनिराळ्या प्रतीचे पेट्रोल चालू लागले. पूर्वी सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरून एंजिन आखावे लागे; आता एंजिन त्या त्या क्षणीच्या परिस्थितीशी जुळवून घेऊ लागले. दाबलेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड करणारा शीतक व प्रत्येक सिलिंडरास चार झडपा यांची जोड मिळाल्यावर १९८४ मध्ये साबच्या दोन लिटर एंजिनाची शक्ती १७५ अश्वशक्तीपर्यंत गेली.

शर्यतींतील अनुभव : फॉर्म्युला वन शर्यतींच्या नियमांनुसार ३ लि. साध्या किंवा १·५ लि. अतिभारित एंजिनास परवानगी होती. रनॉ कंपनीने १९७७ मध्ये दुसरा पर्याय प्रथम रस्त्यावर आणला. तिच्या गाड्या वारंवार बंद पडत, तरी १९७९ मध्ये दिजाँ येथे झां-प्येर झाबूय यांनी टर्बोभारित एंजिनाचा पहिला विजय मिळविला. १९८३ मध्ये नेल्सन पीके यांनी ज्या बीएमडब्ल्यू एंजिनाच्या बळावर विश्वविजेतेपद पटकाविले, त्याचा बिडाचा ठोकळा नेहमीच्या विक्रीच्या मोटारगाड्यांच्या एंजिनावर आधारलेला होता. ही एंजिने थोड्याच अंतरासाठी वापरून टाकून दिली जात. शक्ती अनावर वाढल्याने दाबावर प्रथम मर्यादा घालण्यात आल्या व १९८९ पासून त्या शर्यतींत टर्बोभरणास काही काळ बंदी झाली.

लहान एंजिनांचा काळ : एकविसाव्या शतकात कार्बन डाय-ऑक्साइडाच्या उत्सर्जनावरील निर्बंधांमुळे मोठ्या एंजिनाच्या जागी लहान टर्बोभारित एंजिन वापरण्याकडे कल वाढला. सिलिंडरात थेट पेट्रोल फवारण्याच्या पद्धतीने मिश्रण आतून थंड होते व ठोक्यांचा धोका कमी होतो. फोर्डच्या २०१२ मधील ९९९ घ. सेंमी.च्या तीन सिलिंडरी एंजिनापासून १२५ अश्वशक्ती मिळे. तेवढ्या शक्तीसाठी त्यापूर्वी १,६०० घ. सेंमी.चे साधे एंजिन वापरीत. तथापि जोराने गाडी चालविल्यास प्रयोगशाळेत दिसलेली इंधनबचत रस्त्यावर मिळत नाही, असेही आढळून आले. २०१७ पासून यूरोपात रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन मोजणे सक्तीचे झाल्यावर एंजिन फार लहान करण्याचा उत्साह काहीसा ओसरला.

भारतात २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मी.पेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० घ. सेंमी.पर्यंत पेट्रोल वा १,५०० घ. सेंमी.पर्यंत डीझेल एंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत दिली. त्यामुळे घनफळ न वाढविता शक्ती वाढविण्यास येथे वेगळेच महत्त्व आले. पुण्याजवळील रांजणगाव येथेही निर्माण झालेले फिआटचे १,२४८ घ. सेंमी. डीझेल एंजिन याचे बोलके उदाहरण आहे. स्थिर रचनेच्या टर्बोचार्जरसह त्यापासून सु. ७५, तर टरबाइनभोवतीची पाती वळवून झोत नियंत्रित करणाऱ्या टर्बोचार्जरसह सु. ९० अश्वशक्ती मिळे. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ ही मानके लागू झाल्यावर हे एंजिन भारतीय बाजारातून मागे पडले.

शक्तिवाढीच्या मर्यादा : आधुनिक एंजिनात हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ ही सर्व इलेक्ट्रॉनीय नियंत्रकातील आज्ञावलीनुसार ठरतात. ती आज्ञावली बदलून एकही सुटा भाग न बदलता शक्ती वाढविता येते. परंतु निर्मात्याने राखून ठेवलेली ही शक्ती म्हणजे निव्वळ शिल्लक नव्हे. हलक्या प्रतीचे पेट्रोल, उन्हाळ्यातील तापमान, घाटातील चढ, भरलेली गाडी व लांबलेली देखभाल यांसाठी ठेवलेले ते संरक्षण असते. ते काढून घेतल्यास निष्कास वायूंचे तापमान वाढते, टर्बोचार्जरचे धारवे झिजतात व क्लच घसरू लागतो. मंद गतीत फार मोठा दाब दिल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटून संयोगदांडा वाकण्याचा किंवा दट्ट्या फुटण्याचाही संभव असतो. शिवाय गतिरोधक व टायर मूळच्या शक्तीच्या हिशेबानेच निवडलेले असतात. भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला.

टर्बोभरणाचा हा इतिहास पाहता असे दिसते की, केवळ दाब वाढविण्यावर भर देणारे प्रयत्न अल्पजीवी ठरले आणि दाबाबरोबर उष्णता व ठोके यांचे नियंत्रण साधणारे प्रयत्न टिकले. लहान एंजिनापासून मोठी शक्ती मिळते, ती याच नियंत्रणाच्या मर्यादेत.