आधी पदे, मग वाक्य

डिचोलीच्या माझ्या वर्गात मुले फळ्यावरील वाक्याची प्रथम पदे पाडतात, मग कर्ता, कर्म, क्रियापद शोधतात. संगणकाच्या भाषेत लिहिलेला मजकूर उलगडण्याच्या पायऱ्याही ह्याच. पूर्वी तो उलगडणारी आज्ञावली हाताने लिहावी लागे. १९५७ सालच्या फोर्ट्रान भाषेच्या पहिल्या संपूर्ण अनुवादकास १८ माणसांच्या वर्षभराच्या कामाइतके श्रम पडले!

पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ आणि माइक लेस्क व एरिक श्मिट यांनी ‘लेक्स’ ही साधने रचली. दोहोंचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण नियम तेवढे लिहावयाचे. आज्ञावली साधनच लिहून देते. लेक्स पदे पाडते, याक वाक्यरचना तपासते.

नवशिक्यास चकवितो तो नियमांचा क्रम. लेक्स सर्वांत लांब जुळणारे पद घेते. दोन नियम सारखेच जुळले, तर आधी लिहिलेला मानते. म्हणून ‘इफ’ ह्या राखीव शब्दाचा नियम सामान्य नावांच्या नियमाखाली पडला, की तो शब्द नावच ठरतो, आणि तक्रार मात्र याक करते. माझेही असेच झाले. रविवारची सबंध दुपार मी याकचे निर्दोष नियम खोडीत बसलो होतो. चूक लेक्सच्या दोन ओळींच्या अदलाबदलीची होती.