नागपूरचा पूर आधी कळू शकतो का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि लोक झोपेत असतानाच घरांत पाणी शिरले. या पुरात चौघांचा बळी गेला.

पावसाचा अंदाज म्हणजे पुराचा अंदाज नव्हे. डॉपलर रडारवरून हवामान विभाग पुढच्या दोन-तीन तासांच्या पावसाचा इशारा देऊ शकतो. पण कोणत्या वस्तीत किती पाणी चढेल, हे सांगण्यासाठी तलावाची पातळी, सांडव्यावरून वाहणारे पाणी, नदीपात्राची क्षमता आणि जमिनीचा उतार यांचे गणित मांडावे लागते.

किनारपट्टीवर चक्रीवादळामुळे समुद्राचे पाणी किती चढेल, याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. वादळ बहुधा काही दिवस आधीच दिसते, त्यामुळे गावे रिकामी करता येतात. शहरातल्या पुरात हाती उरतात ते काही तासच. तलाव आधीच काठोकाठ भरलेला असेल तर तेही कमी होतात. म्हणूनच अचूक अंदाजाइतकेच महत्त्व, तो मध्यरात्री नदीकाठच्या घरापर्यंत पोहोचण्याला आहे.