पाटी, सूर आणि लोण

आट्यापाट्या हा मुळात अडवण्याचा खेळ. चेंडू नाही, फळी नाही. जमिनीवर आखलेल्या अरुंद आडव्या पट्ट्या, म्हणजे पाट्या, आणि त्यांना मधोमध छेदून जाणारी उभी सूरपाटी, एवढेच त्याचे साहित्य. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी उभा राहतो. समोरच्या संघाने एकेक पाटी ओलांडत पलीकडे जायचे, आणि पाटीवरच्या गड्याने पाय पट्टीबाहेर न टाकता त्याला हात लावून बाद करायचे.

खेळाचा उगम मिठाशी जोडला जातो. शेवटची पाटी पार करून परत फिरणारा गडी जे घेऊन येतो ते ‘लोण’, आणि लोण म्हणजे मीठ, संस्कृत ‘लवण’. म्हणूनच खेळाचे दुसरे नाव लोणपाट. मिठागरांचे बांध आणि त्यांवरची राखण यांतून हा खेळ आला असे सांगितले जाते. त्याला लेखी पुरावा नाही, पण पट्टी न सोडता राखण करण्याची ही रीत पाहिली की ते पटते. चळवळीचे ‘लोण’ खेड्यापाड्यांत पोहोचले असे मराठी वर्तमानपत्रे लिहितात, तो शब्दही इथलाच. कबड्डीतही लोण आहे.

पूर्वी पाट्यांची संख्या आणि लांबी गावागणिक बदले. 1935 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने आट्यापाट्या आणि खो-खो यांचे नियम छापले, तेव्हा खेळाला ठाम माप मिळाले. प्रमाण मैदानात नऊ आडव्या पाट्या असतात. प्रत्येक 23 फूट 1 इंच लांब आणि 1 फूट 1 इंच रुंद. सूरपाटी 89 फूट 1 इंच.

बचावाचे सगळे तंत्र या मापांत दडलेले आहे. एकट्या गड्याला 23 फुटांची पाटी राखता येत नाही. हूल देऊन त्याला एका टोकाला ओढले की दुसरे टोक मोकळे पडते. तिथे सूर कामी येतो. सूरपाटीवरून धावणारा हा गडी चढाई करणाऱ्याला अर्ध्या भागात कोंडतो, आणि पाटीवाल्याला राखायचे उरतात 11 फूट. गुडघे किंचित वाकवून, एकावर एक पाय न टाकता बाजूला सरकत राहणे आणि नजर समोरच्याच्या हातांवर नव्हे तर कमरेवर ठेवणे, हे दोघांनाही यावेच लागते. हात हूल देतात, कंबर सहसा देत नाही. पण चांगला संघ ओळखावा तो सूर आणि पाटीवाला यांच्या मेळावरून.

नेटबॉलचा बचावही अशाच बंधनातून घडला. 1892 साली अमेरिकेतील स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींच्या बास्केटबॉलसाठी मैदानाचे तीन भाग पाडले आणि चेंडू हिसकावण्यास मनाई केली. त्या वळणाचा खेळ इंग्लंडमध्ये नेटबॉल झाला आणि 1901 साली त्याचे नियम ठरले. तिथे बचाव करणारीला आपल्या नेमलेल्या भागातच राहावे लागते आणि चेंडू धरलेल्या खेळाडूपासून तीन फूट अंतर ठेवूनच हात उंचावता येतात. फरक मोठा आहे: आट्यापाट्यांत स्पर्श हेच शस्त्र, नेटबॉलमध्ये धक्का हा दोष. पाय मात्र दोन्हीकडे सारखेच सरकतात.

आट्यापाट्यांसारख्या देशी खेळांच्या वाटेवर दोन शहरे येतात. एक अमरावती. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. दुसरे नागपूर. भारतीय आट्यापाट्या महासंघ 1982 साली तिथेच स्थापन झाला.