सज्ञान होण्याची वर्षं : ‘सैराट’ आणि आपल्या तालुक्यातलं कॉलेज



आजचा विषय संयोजकांनी दिला तो असा : तरुणांच्या सिनेमाचा कॉलेजच्या मुलांवर होणारा परिणाम. आम्ही फोनवरच सांगितलं, की परिणाम मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान, आणि उभी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना तर्कशास्त्राचे पेपर सोडवायला शिकवण्यात गेली. पण एक गोष्ट सांगता येईल. ज्या वयाचा हा सिनेमा आहे, ते वय आपल्या भागात आलं कधी? कारण ते पूर्वी नव्हतं. सोळा वर्षांची माणसं होती, पण सोळा वर्षांचं ‘वय’ नव्हतं.

भाषेपासून सुरुवात करू. मराठीत ‘वयात येणं’ म्हणतात ते बहुतेक मुलीबद्दल, आणि त्याचा अर्थ शरीरापुरता. मुलाला मिसरूड फुटलं की झालं. दुसरा शब्द कायद्याचा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी सातबारा काढून बघावा. वडील लवकर गेले असतील तर मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलेलं असतं. अज्ञान पालनकर्ता. अठरा वर्षांखालचा तो अज्ञान, अठरा पूर्ण झाला की सज्ञान. १८७५ च्या कायद्यानं ही अठराची रेघ ओढली. म्हणजे रात्री झोपताना अज्ञान आणि सकाळी उठल्यावर सज्ञान! कांटनं १७८४ साली ज्ञानोदय म्हणजे काय हे सांगताना नेमकी हीच उपमा वापरली होती, की माणसानं स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून, पालनकर्त्याच्या हाताखालून, बाहेर पडणं. आम्ही वर्गात कांट सांगायचो तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघायची. सातबारा सांगितला की सगळी वळून बसायची.

जाता जाता एक. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहनांचा जो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, तो राणी नागनिकेचा. राजा गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं कारभार पाहिला असं बरेच अभ्यासक मानतात. आजच्या तलाठ्याच्या भाषेत तीही अ.पा.क. आई. तिथं भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, त्यांत राजकुमारही होते. मूर्ती गेल्या. वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरांचे. हे अपवाद नव्हेत, रीतच ती. बालपण संपलं की संसार. मधे काही नाही. १९२९ चा सारडा कायदा आला तो मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा असा. मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस व्हायला १९७८ उजाडलं. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं १९८९ ला. आता गंमत बघा. अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, जमीन विकता येते. मुलाला लग्न मात्र एकविसाशिवाय करता येत नाही. ही मधली फट कायद्यानं पाडली, पण तिच्यात राहायला जागा दिली ती कॉलेजनं.

कॉलेज म्हणजे आपल्याकडचं, पुण्यातलं नव्हे. पूर्वी जुन्नरचा मुलगा शिकायचा म्हणजे पुण्याला जायचा, कुणाच्या तरी खोलीवर राहायचा. मुलीचा प्रश्नच नव्हता. पुणे विद्यापीठ १९४९ साली झालं, पण ते तालुक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग जुन्नरला श्री शिवछत्रपती महाविद्यालय झालं, मंचरला आणि ओतूरला रयतची कॉलेजं, घोडेगावला बी. डी. काळे महाविद्यालय. त्याच सुमारास अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आणि मग बारावी आली. ‘ज्युनिअर कॉलेज’ नावाची दोन वर्षं शाळेतून निघून कॉलेजच्या दारात येऊन बसली. आमच्या मते आपल्या भागाच्या सामाजिक इतिहासात कुकडी प्रकल्पाच्या धरणांइतकीच ही मोठी घटना आहे. धरणांमुळं टोमॅटो, द्राक्षं आणि ऊस आला. कॉलेजमुळं सोळा ते एकवीस ही वर्षं आली. धरणात काय बुडालं हे आपण बोलतो. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, तालुक्याला नाव राहिलं आणि गाव राहिलं नाही. या नव्या वर्षांत काय बुडालं, काय वर आलं, ते फारसं कुणी लिहिलेलं नाही.

त्याआधी पोरं मोठी कुठं व्हायची? जत्रेत. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. मोठ्या माणसांच्या जगात काय चालतं हे मुलाला पहिल्यांदा कळायचं ते फडाच्या तंबूत, नाहीतर शेजारच्या तंबू टॉकीजमध्ये जमिनीवर बसून. आम्हीही तसेच कळते झालो, उगाच सोवळेपणा कशाला? पण तिथं मुली नव्हत्या. मुलीला दूरदर्शनवर शनिवार-रविवारचा सिनेमा मिळाला, तोही सगळं घर शेजारी बसलेलं असताना. स्वतःच्या वयाचं चित्र कुणाची नजर नसताना बघणं, हे आपल्या मुलींच्या वाट्याला हातात मोबाइल आल्यावरच आलं.

मराठी सिनेमाचंही तसंच. १९५३ चा ‘श्यामची आई’ घ्या. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट. त्यात मुलगा आहे, आई आहे, तारुण्य नाही. पुढं तमाशापट आले, त्यांत पुरुष आहेत, पोरं नाहीत. शाळा-कॉलेजच्या वयाकडं सरळ बघणारे सिनेमे ओळीनं आले ते अगदी अलीकडं : मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘दुनियादारी’, मग ‘टाइमपास’, ‘फँड्री’, आणि २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’. ‘दुनियादारी’चा कट्टा पुण्याचा आहे. आमच्या मुलांना ती आवडली, पण पाहुण्याच्या घरी गेल्यासारखी. ‘सैराट’ला मात्र ती स्वतःच्या घरात शिरली.

आम्ही तो पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका थिएटरात पाहिला, निवृत्तीनंतर. गाणी लागली की पोरं पडद्यापुढं नाचत होती. अजय-अतुल यांचं बालपण पुणे जिल्ह्यातल्या अशाच गावांतून गेलं, आणि त्यांनी या गाण्यांचा वाद्यमेळ थेट लॉस एंजलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, हे शेजारच्या पोरानं आम्हाला सांगितलं. आम्हाला कुठलं ठाऊक! आर्ची ट्रॅक्टर चालवत आली तेव्हा मुलींनी शिट्ट्या मारल्या. आमच्या वर्गात बसून शिट्टी मारणारी मुलगी आम्ही तीस-बत्तीस वर्षांत पाहिली नव्हती.

पण आम्ही अडकलो ते दुसऱ्या प्रसंगात. वर्गात मास्तर साहित्य शिकवतायत. पुढाऱ्याचा मुलगा येतो, फोनवर बोलत बसतो. तू कोण म्हणून विचारलं, तर तो मास्तरच्या कानफटात मारतो. मग मास्तरालाच समजावलं जातं, की हा कोण हे तुम्हाला माहीत पाहिजे होतं. थिएटरात पोरं हसली. आम्ही हसलो नाही. नागराज मंजुळे यांनी त्या चपराकेत अख्ख्या ग्रामीण कॉलेजचा इतिहास ठेवलाय. संस्था कुणाची, जमीन कुणी दिली, नेमणूक कुणाच्या शब्दावर झाली, हे खडू हातात असलेल्या माणसाला कायम ठाऊक असतं. वर्गात समता शिकवायची आणि स्टाफरूममध्ये आल्यावर आवाज खाली आणायचा. आम्हाला कुणी मारलं नाही. मारायची वेळच आम्ही येऊ दिली नाही.

ती हकिगत सांगायला हवी, नाहीतर आजचं बोलणं खोटं होईल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. वरच्या अंगाच्या, म्हणजे डोंगराकडच्या गावातली एक मुलगी आमच्याकडे एफ.वाय.ला होती. हुशार. बारा-तेरा मैल एसटीनं येणारी. एके दिवशी तिचे वडील आणि चुलते दाखला मागायला आले. ती स्टँडवर कुठल्याशा मुलाशी बोलताना दिसली होती. बोलताना, एवढंच. मुलगा वेगळ्या जातीचा होता. प्राचार्य रजेवर होते आणि त्यांच्या जागी सहीचा अधिकार आमच्याकडे होता. आम्ही कारण विचारलं नाही. खरं म्हणजे विचारलं, आणि ऐकून मान हलवली. सही केली. मुलगी दाराबाहेर उभी होती, तिला आत बोलावलं नाही. ती अठरा पूर्ण होती, हे आम्ही नंतर रजिस्टरात पाहिलं. कायद्यानं सज्ञान. दाखला तिचा होता, अर्जावर सही वडिलांची चालली. त्या आठवड्यात आम्ही एस.वाय.च्या वर्गाला कांटच शिकवत होतो.

म्हणून ‘सैराट’नंतर जेव्हा गावोगाव बोललं जाऊ लागलं, की या सिनेमानं पोरी बिघडवल्या, तेव्हा आम्हाला त्याची खात्री वाटेना. दाखले त्याच्या तीस वर्षं आधीपासून जात होते. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिलला, आपल्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात खर्डा इथं सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकलं. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मारेकऱ्यांना कुठल्या सिनेमानं शिकवलं होतं? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्वच्छ सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर कुटुंबाची, जातीची, पंचायतीची संमती लागत नाही. निकाल छापून आला. स्टँडवरच्या बाकड्यापर्यंत तो आला का, हे तुम्ही जाणता.

आता एक तक्रारही मांडू. ‘सैराट’मध्ये कॉलेज आहे, पण अभ्यास नाही. आमच्या मुलांचं आयुष्य प्रेमापेक्षा पासाच्या पैशांनी जास्त व्यापलेलं असतं. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच्या मुलींना, पुढं खिशातून. आदिवासी पट्ट्यात हिरड्याचा हंगाम बरा गेला तर फी वेळेवर, नाहीतर उशिरा. चारची गाडी चुकली तर अंधारात बिबट्याच्या भीतीनं उसातला रस्ता तुडवायचा. आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न करणाऱ्या, बागायती जमीन असूनही लग्न न जमणाऱ्या पोराचा सिनेमा अजून कुणी नीट काढलेला नाही.

तो सिनेमा बंगालीत १९५६ सालीच झालाय. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’. अपू गावाकडून शिष्यवृत्तीवर कलकत्त्याला कॉलेजात जातो, रात्री छापखान्यात काम करतो, वर्गात झोपतो. आई गावी एकटी, आगगाडीच्या आवाजाकडं कान लावून. सुटीत आलेल्या मुलाला जायची घाई. आम्ही मागं एका शिबिरात हे दोन्ही सिनेमे लागोपाठच्या संध्याकाळी दाखवले. आमची अटकळ होती की काळापांढरा बंगाली सिनेमा पोरं अर्ध्यावर सोडतील. कुणी उठलं नाही. आश्रमशाळेत वाढलेला एक मुलगा म्हणाला, “सर, मी पण आईचा फोन उचलत नाही, अभ्यास चालू असला की.” एवढंच बोलून तो खाली बसला.

‘सैराट’वरच्या चर्चेत मात्र सगळे बोलले. शेवटाबद्दल, लहान मुलाच्या पावलांबद्दल, त्या शांततेबद्दल. कुणाला आर्चीचं चुकलं असं वाटलं, कुणाला पार्श्याचं. घोडेगावच्या बाजूची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं हात वर केला. म्हणाली, हैदराबादला आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात लागते, पार्श्या डोसे करतो. दोघांपैकी कुणी पुढं शिकायचं नाव काढत नाही. का?

आम्ही म्हटलं, पोट आधी भरायचं असतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “त्यांचे दाखले कॉलेजातच राहिले असणार ना. दाखला मागायला गेले असते तर घरी कळलं असतं. मग दुसरीकडं ॲडमिशन कुठून मिळणार?”

हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आयुष्यभर दाखल्यांवर सह्या करून आलं नव्हतं. तिला काहीतरी सांगावं म्हणून आम्ही शब्द जुळवू लागलो, तोवर ती दप्तर उचलून दाराकडं निघालीही होती. साडेचारची गाडी होती तिची.