भाजलेल्यांची शुश्रूषा



भिवापूरचें नांव निघालें कीं नागपूरकरांस तेथील लाल मिरची आठवते. मिरचीनें हातांची होणारी आग कांहीं वेळानें शमते. परंतु चुलीच्या ज्वाळेनें, उकळत्या वरणानें किंवा पेटलेल्या पदरानें होणारी आग जिवावर बेतते. अशा रोग्याची शुश्रूषा गेल्या शंभर वर्षांत कसकशी बदलत गेली आणि त्या इतिहासापासून भिवापूरसारख्या गांवानें काय घ्यावें, याचा आज थोडा विचार करूं.

पूर्वीं भाजणें हें केवळ कातडीचें दुखणें मानलें जाई. साहजिकच साऱ्यांचें लक्ष लेपाकडे असे. १९२५ सालीं अमेरिकेंत डेव्हिडसन यांनीं टॅनिक आम्लाचा, म्हणजे चहांत व हिरड्यांत असणाऱ्या तुरट द्रव्याचा, उपचार प्रचारांत आणला. त्यानें जखमेवर कडक खपली धरे व जखम कोरडी दिसे. पण पुढें आढळलें कीं या द्रव्यानें यकृतास अपाय होतो, आणि हातांवरची खपली बोटें आवळून टाकते. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेड येथें मॅकइंडो यांनीं होरपळलेल्या वैमानिकांच्या हातातोंडावर हा लेप लावणें बंद केलें आणि मिठाच्या कोमट पाण्याचीं स्नानें सुरू केलीं.

दुसरा धडा पाण्याचा. १९२१ सालीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथें एका नाट्यगृहास आग लागली. तेथील जखमींच्या फोडांतलें पाणी अंडरहिल यांनीं तपासलें, तेव्हां तें रक्तांतील द्रवासारखेंच निघालें. म्हणजे भाजलेला मनुष्य रक्त सांडल्यावांचूनच रक्तांतला द्रव गमावीत असतो! १९५१ सालीं वॉलेस यांनीं भाजलेला भाग मोजण्याचा नऊचा नियम मांडला : प्रौढ माणसाचा एक हात शरीराचे शंभरांतले ९ भाग, एक पाय १८ भाग. १९६८ सालीं बॅक्स्टर यांनीं द्रवाचें गणित बसविलें. ५० किलो वजनाच्या माणसाचे शंभरांतले २० भाग भाजले, तर पहिल्या चोवीस तासांत सुमारें ४ लिटर द्रव शिरेंतून द्यावा लागतो. त्यांतला निम्मा पहिल्या आठ तासांत. हे आठ तास रुग्णालयाच्या दारापासून मोजावयाचे नाहींत; ते भाजल्या क्षणापासून मोजावयाचे. भिवापूरहून नागपूर गाठण्यांत गेलेला वेळ त्यांतूनच वजा होतो.

या शास्त्रांत महाराष्ट्रानेंही आपली भर घातली आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयांत डॉ. केसवानी व त्यांचे सहकारी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून जखमेवर बांधल्या. त्याचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें शीव येथील रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे यांनीं निर्जंतुक केलेलें केळीचें पान वापरलें. तें सालींइतकेंच गुणकारी आणि फार स्वस्त ठरलें. ओल्या जखमेस पान चिकटत नाहीं. पट्टी बदलतांना रोग्याच्या वेदना कमी होतात. मात्र परसांतलें पान तोडून जखमेवर ठेवणें घातक होय. गुण आहे तो निर्जंतुक केलेल्या पानाचा.

आणि परिचारिकेचें काम? भाजलेल्या माणसास अंग आंखडून निजण्यांत बरें वाटतें. मान खालीं, कोपर दुमडलेलें, मूठ मिटलेली. त्याच स्थितींत जखम भरली तर कातडी आवळते आणि मान उचलत नाहीं, हात उघडत नाहीं. म्हणून मानेखालची उशी काढणारी, सांधे सरळ ठेवणारी, दूध, अंडीं, डाळ आग्रहानें भरविणारी परिचारिका रोग्यास क्षणभर निर्दय वाटते. पण त्याचा पुढचा संसार तीच राखीत असते.

आरंभीची शुश्रूषा मात्र घरींच होते. ज्वाळा विझवा, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें थंड वाहतें पाणी धरा, बर्फ नको. सूज येण्यापूर्वींच बांगड्या व अंगठ्या उतरवा. तेल, शाई, दंतमंजन कांहींही लावूं नका. स्वच्छ कापडानें झांका, बाकीचें अंग ऊबदार ठेवा, आणि भाजल्याची वेळ लक्षांत ठेवून रुग्णालय गाठा. तेथें पोहोंचतांच डॉक्टरांस प्रथम ती वेळ सांगा.