मराठी सिनेमाचं अनुदान: भीक की परतावा?

"आमच्या करातून यांचे सिनेमे कशाला?" नौपाड्यात कट्ट्यावर हा सवाल मी नेहमी ऐकतो. सवाल रास्त आहे. पण जरा मागे जाऊन बघू.

फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तो विमा पॉलिसी गहाण टाकून आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर. सरकारचा छदामही नव्हता. पुढे १९२३ ला मुंबई सरकारने करमणूक कराचा कायदा मात्र आणला. म्हणजे सरकार या धंद्यात आधी शिरलं ते घ्यायला!

द्यायची वेळ आली १९७५ मध्ये. महाराष्ट्र सरकारने ठरवलं, मराठी चित्रपटावर जमलेला करमणूक कर निर्मात्याला परत द्यायचा. अट एकच, त्याने पुढचा मराठी चित्रपट काढायचा. यातली गंमत बघा. हा पैसा प्रेक्षकानेच तिकीटखिडकीवर भरलेला होता. कुणाला किती मिळणार हे मंत्रालयातला साहेब नाही, पब्लिक ठरवत होतं. फ्रान्सनेही १९४८ पासून तिकिटावरच्या करातूनच आपला सिनेमा जगवलाय.

यात खोट एकच. ज्याचा सिनेमा चालला त्यालाच मिळणार. नवख्याला, वेगळं काही करणाऱ्याला काही नाही. त्यांच्यासाठी केंद्राचं एनएफडीसी होतं. जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' (१९९२) त्याच पैशातला. गल्ला फार जमला नाही, पण लक्ष्मीकांत बेर्डेचं नाव निघालं की तो हटकून आठवतो.

नंतर राज्यात समिती आली. ती सिनेमा बघते, 'अ' किंवा 'ब' दर्जा देते आणि त्यावर अनुदान ठरतं. इथे माझा आक्षेप आहे. सिनेमा थिएटरमध्ये पडला तरी दर्जा मिळू शकतो, मग निर्मात्याचं लक्ष थिएटरकडे राहील की समितीकडे?

२०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात गेला. पण तिकिटावरच्या जीएसटीतला निम्मा वाटा राज्याचाच असतो. मराठी सिनेमाचा तो वाटा जुन्याच अटीवर परत द्या, आणि पहिला सिनेमा करणाऱ्यांसाठी वेगळा छोटा निधी ठेवा. बस.

आपल्या पालिकेने १९७८ ला गडकरी रंगायतन उभारलं. तिथे कुठलं नाटक चालायचं हे ठाणेकरांनी ठरवलं. सरकारी पैसा असाच लागावा. पटत नसेल तर खाली बिनधास्त भांडा.